दोन शब्दांमधली जागा

एक

भट्टी विझल्याचं कामगारांत सगळ्यात आधी कळलं ते तळघरात काच निवडणाऱ्या बायकांना. सोमवारी सकाळी सहाला अकराही जणी खाली उतरल्या आणि त्यांच्या मुकादमीणबाईंना थंडी वाजली. नऊ वर्षांत त्या तळघरात कोणी अंगावर पदर ओढून घेतला नव्हता. भट्टीचा तळ त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. भर हिवाळ्यातसुद्धा तिथे घामाने पाठ ओली व्हायची.

मुकादमीणबाई जिना चढून वर आल्या. भट्टीच्या झरोक्यांत रोज पांढरा उजेड असायचा, तिथे काळोख होता. समोर लोखंडी स्टुलावर भट्टी सांभाळणारे मामा बसले होते, हातात चौघडी घातलेला कागद.

"मामा, भट्टीला काय झालं?"

"बंद केली," मामा म्हणाले. "वरून कागद आला होता."

बाटल्यांचा कारखाना, त्यात एकच भट्टी, आणि ती नऊ वर्षं एकदाही विझलेली नव्हती. काचेची भट्टी रोज पेटवायची आणि रोज विझवायची वस्तू नव्हे. एकदा थंड पडली की विटा तडकतात, ती पुन्हा उभी करायला पाच-सात महिने जातात. तोपर्यंत ऐंशी माणसांच्या हाताला काम नाही.

पुढच्या सोमवारी ती फाईल आमच्या कामगार कार्यालयात आली. मी तिथला लेखनिक. कंपनीने मामांना कामावरून काढलं होतं आणि जाणूनबुजून नुकसान केल्याची पोलिसांत तक्रारही दिली होती. युनियनचं म्हणणं उलटं होतं. कंपनीलाच कारखाना बंद करायचा होता, म्हणून एका अडाणी माणसाला इंग्रजी कागद देऊन फसवलं. चौकशी आमच्या बाईंकडे दिली गेली.

बाई आमच्याकडे येण्याआधी एकोणीस वर्षं कोर्टात दुभाषी होत्या. साक्षीदार काय म्हणाला यापेक्षा तो ते कसं म्हणाला याकडे त्यांचे कान असत. कार्यालयात त्या कोणाला फारशा आवडत नसत, कारण त्यांच्यासमोर "सहज बोललो" असं म्हणायची सोय नव्हती.

फाईलमध्ये तो कागद होता. कॉम्प्युटरवर टाईप केलेल्या तीन इंग्रजी ओळी, खाली मॅनेजरची सही, अगदी तळाला बारीक अक्षरात छापल्याची वेळ: शनिवार, चार वाजून दहा मिनिटं. बाईंनी ओळी वाचून दाखवल्या.

"रविवार, सकाळी सात. शट डाउन. भट्टी विभाग."

"साधी गोष्ट आहे," मी म्हणालो. "बंद करा."

"काय बंद करा? किती वेळासाठी? परत सुरू करायचं की नाही?" बाईंनी कागद उजेडाकडे धरला. "आणि ही जागा कोणी सोडली?"

मी वाकून पाहिलं. 'शट' आणि 'डाउन' यांच्यामध्ये एका अक्षराएवढी जागा कोरी होती.

दोन

त्याच दिवशी आम्ही कारखान्यात गेलो. मॅनेजर आठ महिन्यांपूर्वी तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यातून आले होते. खोली नीटनेटकी, टेबलावर एकही कागद नाही. आम्ही बसायच्या आतच ते बोलू लागले.

"एका शब्दाने घात केला. दुसरं काय सांगू?"

"तो शब्द तुमच्या लेखी काय आहे?" बाईंनी विचारलं.

"शटडाउन? आमच्या जुन्या कारखान्यात दरवर्षी यायचा. तीन आठवडे चालायचा आणि संपायचा. मशिनं उघडायची, साफ करायची, लावायची. शटडाउन म्हणजे दुरुस्तीची सुट्टी. इथे रविवारी बाहेरचे फिटर भट्टीपुढची मशिनं दुरुस्त करणार होते. शनिवारी दुपारी बारालाच माल काढणं थांबवलं होतं. भट्टी नुसती तापती ठेवायची होती."

त्यांनी डायरी उघडून स्वतःच्या हातचा मसुदा दाखवला. त्यात तो शब्द सलग होता, मध्ये जागा नव्हती.

"सही करताना वाचलं नाहीत?"

"वाचलं ना. पण एवढ्याशा फटीकडे कोणाचं लक्ष जातं? आणि तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस भट्टी विझवण्याआधी मला एक फोन करणार नाही, हे कोणाच्या डोक्यात येईल?"

"त्यांनी या भट्टीबद्दल कधी काही तक्रार केली होती?"

"कधीच नाही." उत्तर प्रश्नाच्या पाठीला पाठ लावून आलं. "ते बोलतच नाहीत कोणाशी."

बाईंनी मान हलवली आणि भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. "बुधवारी काय आहे? लाल शाईने लिहिलंय."

"भट्टी फोडायचीय. परवापर्यंत आत माणूस जाईल इतकी थंड होईल. गवंड्याला सांगून ठेवलंय."

"मुख्य कार्यालयाचे तज्ज्ञ येणार होते ना पाहायला?"

"शुक्रवारी."

"म्हणजे ते येतील तेव्हा पाहायला विटांचा ढीग असेल."

मॅनेजर हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "मॅडम, मेलेल्या भट्टीत पाहायचं काय असतं?"

तीन

टायपिस्टला बोलवायला मी बाहेर गेलो. बोळात बाकावर मामा बसले होते. चौकशीसाठी त्यांना बोलावून घेतलं होतं. पंचवीस-सव्वीस वर्षांची टायपिस्ट त्यांच्याजवळून फाईल घेऊन चालली होती. चालता चालताच तिने हळूच विचारलं, "जेवलास का?" मामांनी मान डोलावली. मला पाहून ती पटकन पुढे झाली.

चौकशीसाठी दिलेल्या खोलीत ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"कागद तुम्ही टाईप केलात?"

"हो. साहेबांनी सकाळीच डायरीतून सांगितलं, टाईप करायला दुपार झाली. सही झाल्यावर मीच भट्टीवर नेऊन दिला."

"मामांशी तुमची ओळख कितपत?"

"सगळ्यांची आहे तेवढीच. कागद द्यायचा, पोच घ्यायची."

"शटडाउन म्हणजे काय हो तुमच्या मते?"

ती क्षणभर गोंधळली. "मी रोज संध्याकाळी कॉम्प्युटर शटडाउन करते. सकाळी चालू करते. त्यात काय मोठंसं?"

"मग इथे मध्ये जागा का?"

"बोट पडलं असेल. घाईत होतं असं."

बाईंनी तिला मागच्या तीन वर्षांच्या नोटिसांची फाईल आणायला सांगितली. तीनशेच्या वर नोटिसा होत्या. बाईंनी एकेक पान उलटलं. स्वल्पविराम चुकलेला नव्हता, स्पेलिंगची गोष्ट सोडा. तो शब्द आठ ठिकाणी आला होता. आठही ठिकाणी सलग.

"हिचं बोट तीन वर्षांत एकदाच पडलं," मुलगी गेल्यावर बाई म्हणाल्या. "आणि ते नेमकं इथे."

त्यानंतर वायरमन आला. तो युनियनचा सेक्रेटरीही होता, त्यामुळे दोन माणसांचं बोलायचा.

"आमच्यात शटडाउन घेतात, बाई. मी खांबावर चढायच्या आधी शटडाउन घेतो, म्हणजे लाईन बंद. उतरलो की परत देतो. तो घेतलेला नसताना तार धरली तर मी वर गेलोच. ही झाली वायरमनची गोष्ट. आता सेक्रेटरी म्हणून सांगतो. कंपनी शटडाउन करते तेव्हा गेटला टाळं असतं आणि आम्ही बाहेर."

"मामांनी तुम्हाला अर्थ विचारला होता म्हणे."

"विचारला होता. म्हणाले, शट म्हणजे काय, डाउन म्हणजे काय. मी सांगितलं, दोन्ही मिळून बंद. आता वाटतं, जीभ आवरायला हवी होती."

"केव्हा विचारलं?"

"शनिवारी जेवणाच्या सुट्टीत. डबा उघडला होता मी, साडेबारा झाले असतील."

बाईंची पेन्सिल थांबली. "नक्की जेवणाच्या सुट्टीत?"

"डबा उघडा होता म्हणतोय ना. संध्याकाळी डबा कशाला उघडीन?"

तो गेल्यावर बाईंनी मला त्याची दोन वाक्यं परत वाचायला सांगितली. मी वाचली, तरी माझ्या ध्यानात काही आलं नाही. बाईंनी नुसता फाईलमधला कागद माझ्यापुढे सरकवला आणि तळाच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. साडेबारा वाजता अर्थ विचारलेला शब्द चार वाजून दहा मिनिटांनी छापला गेला होता.

चार

मामा समोर बसले. अठ्ठावन्न वर्षांचे, भुवया भट्टीच्या धगीने कायमच्या जळालेल्या, डोळे बारीक. हात गुडघ्यांवर ठेवून ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"मी अडाणी माणूस. कागद आला, बंद केली."

"इंग्रजी अजिबात येत नाही?"

"अक्षरं जुळवतो. पाटी वाचण्यापुरतं."

"शटडाउन म्हणजे दुरुस्ती, असं नाही वाटलं?"

"तिथं शब्द दोन होते, बाई. मला तो हुकूमच वाटला."

"बंद कशी केलीत?"

"व्हॉल्व्ह फिरवला. गॅस बंद झाला, भट्टी बंद."

"बस, एवढंच?"

"एवढंच. चूक झाली. जी शिक्षा असेल ती लिहा."

मी आजवर शेकडो जबान्या लिहिल्या आहेत. शिक्षेची इतकी घाई झालेला माणूस पाहिला नव्हता. मला वाटलं, मॅनेजरने त्याला विकत घेतला असावा, किंवा कसला तरी धाक घातला असावा. तसं मी बाईंना बोललोही.

"असेल," बाई म्हणाल्या. "चला, भट्टी पाहू."

भट्टीघरात आमच्या पावलांचा आवाज घुमत होता. मुकादमीणबाई तिथेच होत्या. काम नसलं तरी बायका रोज येऊन जिन्यावर बसायच्या. मामा मागून येत होते. मुकादमीणबाईंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"अकरा घरांत चूल पेटेना झालीय याच्यापायी," त्या बाईंना म्हणाल्या. "एक कागद वाचता येत नाही तर विचारायला तोंड नव्हतं?"



बाई भट्टीभोवती फिरल्या. सगळे झरोके ओल्या मातीने लिंपून बंद केलेले होते. माती वाळून भेगाळली होती, पण लिंपण एकसारखं होतं, कडेपर्यंत बोट फिरवलेलं. मग त्या तळघरात उतरल्या. भट्टीच्या पोटाखाली पाण्याचा हौद होता, आणि तो काचेच्या खड्यांनी शिगोशीग भरलेला.

"हे काय?"

"वितळलेली काच पाण्यात पडली की असे खडे होतात," मुकादमीणबाई म्हणाल्या. "साहेब म्हणतात, भट्टी एकदम थंड झाली म्हणून तळ फुटला आणि काच गळली."

बाईंनी मूठभर खडे उचलून हातावर पसरले. सगळे साखरेच्या खड्यांएवढे, स्वच्छ. त्यात विटेचा एक कण नव्हता. वर पाहिलं तर तळाला एक भोक होतं, भट्टी रिकामी करण्यासाठी मुळातच ठेवलेलं. त्याची बुचाची वीट बाजूला फळीवर व्यवस्थित ठेवलेली होती.

परत वर येऊन त्यांनी भट्टीची नोंदवही मागितली. पानांवर छापील आकडे होते. एकसष्टानंतर एकदम पासष्ट.

"मधली पानं?"

पाठीमागून मॅनेजर आले होते. "त्याला विचारा. वही त्याच्याच हातात असते."

मामांचा चेहरा पहिल्यांदाच हलला.

बाईंनी वही मिटली. भिंतीवरच्या यंत्रात एक गोल कागद फिरत असे आणि त्यावर पेनाची सुई भट्टीच्या तापमानाची रेघ काढत असे. दर दिवसाचा एक कागद. खालच्या खणात ते तारखेप्रमाणे रचलेले होते. बाईंनी शनिवारचा काढला, खिडकीशी नेला, आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

"लेखनिक," त्या म्हणाल्या, "पोलीस ठाण्यात फोन करा. बुधवारी माझ्या समोरच भट्टी उघडायची. तोपर्यंत तिच्यावर हातोडा पडता कामा नये."

पाच

बुधवारी सकाळी दहाला सगळे भट्टीघरात जमले. मॅनेजर, मामा, टायपिस्ट, वायरमन, जिन्यावर बायका. एक हवालदार दाराशी. गवंड्याने बाजूची भिंत माणूस शिरेल एवढी उघडली होती. तो कंदील आणि मोजपट्टी घेऊन आत गेला.

तो बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज उतरलेला होता.

"तळाची वीट दीड वीत जाड असते. मीच बसवली होती नऊ वर्षांपूर्वी. कडेला अजून वीतभर आहे. पण मधोमध, बायका बसतात बरोबर त्याच्या वर, दोन बोटं उरलीय. एका ठिकाणी तर एकच." त्याने हाताची तर्जनी आडवी धरून दाखवली. "सोमवारी पूर्ण आगीवर घेतली असती तर दिवस मावळायच्या आत फुटली असती."

जिन्यावरच्या एकीने तोंडावर हात ठेवला.

बाई स्टुलावर बसल्या. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती.

"दहा दिवस इथे सगळे एका शब्दाच्या मागे लागलेत," त्या म्हणाल्या. "मीही लागले. साहेबांचा शटडाउन येतो आणि संपतो. वायरमनचा घेतला जातो आणि परत दिला जातो. या मुलीचा संध्याकाळी होतो, सकाळी उलटतो. तिघांच्याही बोलण्यात त्या बंदनंतर चालू आहे. फक्त मामांच्या बोलण्यात नाही. ते म्हणाले, बंद केली. पुढे काही नाही. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाने शब्द चुकीचा वाचलेला नाही. त्याला पक्कं ठाऊक होतं की ही परत चालू होणार नाही."

"म्हणजे मी म्हणत होतो तेच," मॅनेजर म्हणाले. "जाणूनबुजून."

"जाणूनबुजूनच. थांबा जरा." बाईंनी त्या आठवड्याचे गोल कागद पुढे मांडले, शनिवारचा वर. "आठवडाभर ही रेघ सरळ आहे. शनिवारी दुपारी सव्वा वाजता ती उतरायला लागते. दर तासाला थोडी, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. रविवारी सकाळी सातपर्यंत. त्याआधी खालचं भोक उघडून काच सोडली आहे, शेवटी झरोके लिंपले आहेत. कागद वाचून व्हॉल्व्ह फिरवणारा अडाणी माणूस हे करत नाही. हे ज्याला भट्टी कळते तोच करतो. आणि कागद छापला गेला चार वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे हुकूम जन्माला यायच्या आधी तीन तास भट्टी उतरत होती."

वायरमनने कपाळावर हात मारला. "आणि मला विचारलं जेवणाच्या सुट्टीत."

"साक्षीदार तयार करून ठेवला त्यांनी. फक्त वेळ चुकली. पण साडेबारालाच त्यांना कसं कळलं की संध्याकाळच्या कागदावर काय असेल? ज्याने टाईप केलं त्याच्याकडून. अक्षरं जुळवून वाचणारा माणूस मला सांगतो, शब्द दोन होते म्हणून हुकूम वाटला. इंग्रजीत तो शब्द सलग लिहिला की कामाचं नाव होतं आणि तोडून लिहिला की आज्ञा होते, हे मला कोर्टात तीन वर्षं घासल्यावर कळलं. मामांना कोणीतरी शिकवलं होतं."

टायपिस्ट खाली पाहत होती.

"माझ्या लेखनिकाच्या वहीत एक ओळ आहे," बाई पुढे म्हणाल्या. "त्यांना जे कानावर पडेल ते लिहायची खोड आहे. सोमवारी बोळात तुम्ही मामांना विचारलंत, जेवलास का. या कारखान्यात ऐंशी माणसं त्यांना मामा म्हणतात आणि ऐंशीही अहो-जाहो करतात. अरे-तुरे कोण करतं?"

"सख्खी भाची," मुलगी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, पण आवाज स्वच्छ होता. "आई गेल्यावर त्यानेच वाढवलं मला. लहानपणी डबा घेऊन यायचे आणि गेटवरून मामा म्हणून हाक मारायचे. तेव्हापासून सगळेच त्याला मामा म्हणतात."

बाईंनी वायरमनकडे पाहिलं. तो खांदे उडवून म्हणाला, "तुम्ही विचारलं नाहीत, बाई."

मामा पुढे आले. "पोरीला सोडा. सगळं मी केलंय. मला अडाणीच लिहा. अडाणी माणसाची चूक होते, तिथं गोष्ट संपते."

"का केलंत?"

"तळ लाल दिसत होता महिनाभर. खालून पाहिलं की विटेतून उजेड यायचा. तीनदा लिहून दिलं वहीत. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, हंगाम संपेपर्यंत भट्टी चालणार, परत लिहू नका. सोमवारी पूर्ण आग लावायची होती. खाली अकरा जणी." त्यांनी जिन्याकडे पाहिलं. "त्यांना सांगितलं असतं तर त्या घाबरून घरी बसल्या असत्या, साहेबांनी दुसऱ्या अकरा आणून बसवल्या असत्या."

"खोटं आहे," मॅनेजर म्हणाले. "एक तरी पान दाखवा. पानं यानेच फाडली असणार."

बाई त्यांच्याकडे वळल्या. "हा शनिवारचा गोल कागद मामांना अडकवणारा सगळ्यात मोठा पुरावा. खण त्यांच्या ताब्यात, यंत्र त्यांच्या ताब्यात. तो फाडायला एक क्षण पुरला असता. त्यांनी तारीख घालून तो जागेवर ठेवला, कारण भट्टीची नोंद फाडणं त्यांच्या हातून होत नाही. स्वतःला बुडवणारा कागद ज्याला फाडता आला नाही, तो स्वतःला वाचवणारी तीन पानं फाडेल?"



"ती तीन पानं मीच इंग्रजीत करून साहेबांना दिली होती," टायपिस्ट म्हणाली. "मुख्य कार्यालयासाठी. कॉम्प्युटरमध्ये तारखेसकट आहेत. साहेबांनी पाठवली नाहीत."

मॅनेजर खुर्ची शोधत मागे सरकले. हवालदाराने स्वतःच पुढे होऊन त्यांना खुर्ची दिली आणि तो तिथेच त्यांच्या बाजूला उभा राहिला.

सहा

अहवालात बाईंनी मामांना अडाणी लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं की भट्टी शुद्धीत, विचार करून, धोका ओळखून आणि कामाच्या रीतीप्रमाणे बंद करण्यात आली. गेटच्या आत उंचावर, धुराने काळवंडलेली कंपनीच्या नियमांची इंग्रजी पाटी होती. ती बाईंनी पहिल्याच दिवशी शिडी मागवून वाचली होती. चौदावा नियम असा होता, की जिवाला धोका दिसला तर कोणताही कामगार हुकमाची वाट न पाहता काम बंद करू शकतो. मामा एकतीस वर्षं त्या पाटीखालून गेले होते. त्यांना त्या दिवशी खोटं बोलायची गरजच नव्हती. हे ऐकून भाची रडायची थांबली आणि म्हणाली, "मला इंग्रजी येतं. मीही कधी वर पाहिलं नाही."

तिच्याबद्दलही बाईंनी खरंच लिहिलं. जागा मुद्दाम सोडली होती, हे लिहिलं. आणि त्याखाली हेही, की ती सोडली तेव्हा भट्टी तीन तास आधीच उतरत होती, त्या कोऱ्या जागेने काहीही बंद झालेलं नाही. तिला महिनाभर घरी बसवलं गेलं. मॅनेजरवर खटला उभा राहिला. कारखाना सात महिने बंद होता. तोवर वीस-बावीस जण दुसरीकडे लागले, ते परत आले नाहीत. नवं तळघर भट्टीपासून लांब बांधलं. मामांना सन्मानाने बोलावणं आलं, पण ते नव्या भट्टीवर गेले नाहीत. का, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

पण बुधवारची एक गोष्ट अहवालात नाही. ती मी इथे लिहून ठेवतो.

सगळे पांगल्यावर मामा भट्टीला पाडलेल्या वाटेपाशी उभे होते. गवंडी म्हणाला, "जायचंय का आत?" एकतीस वर्षं तीन भट्ट्यांवर त्यांनी निळ्या काचेतून आत पाहिलं होतं. आत कधी कोणी जात नाही. विझलेली प्रत्येक भट्टी त्यांची सुट्टी असताना फोडून झालेली असायची.

ते वाकून शिरले. कंदील घेऊन मी मागोमाग गेलो, कारण बाईंनी खूण केली. आत कमान होती, पांढरट, ठिकठिकाणी काच वितळून थेंबांसारखी लोंबलेली. मामा मधोमध जाईनात. कडेकडेने, पाऊल चाचपत ते टोकापर्यंत गेले आणि भिंतीला तळवा लावला.

"अजून ऊन आहे," ते म्हणाले.

मग ते तिथेच खाली बसले. बाहेरून मुकादमीणबाई वाकून पाहत होत्या. दहा दिवस त्यांनी मामांशी शब्द टाकला नव्हता. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. त्या आत शिरल्या, तांब्या मामांपाशी ठेवला आणि समोरच्या भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. थोड्या वेळाने अकराही जणी त्या कमानीखाली कडेकडेने दाटीवाटीने बसल्या होत्या, आणि कंदील ठेवायला जागा नव्हती म्हणून मी तो हातातच धरून उभा राहिलो.